लहान मुलांसोबत फॅमिली फोटो : फोनचं सेटिंग नंतर, आधी झोपेची वेळ

दिवाळीत पुण्या-मुंबईकडची मंडळी चिखलीला, मेहकरला, खामगावला घरी येतात. तीन-चार दिवस घर भरलेलं असतं आणि निघायच्या दिवशी कोणीतरी म्हणतं, "अरे, सगळ्यांचा एक फोटो राहिलाच!" मग रात्री ट्यूबलाइटखाली, अर्धवट झोपेतल्या लेकरांना उभं करून फोटो काढला जातो. आजी-आजोबा छान येतात, दोन वर्षांच्या नातवाचा चेहरा मात्र पुसल्यासारखा दिसतो. पुढे आजीचा भिंतीवर लावायचा फोटो कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून मोठा करावा लागतो, ही गोष्ट आपल्याकडे किती घरांत घडली आहे.

दोष बहुतेक वेळा फोनचा नसतो, उजेडाचा असतो. कमी उजेडात फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, समजा १/३० सेकंद. मुलाचा हात सेकंदाला एक मीटर वेगाने हलत असेल, तर तेवढ्या वेळात तो तीन सेंटीमीटरहून जास्त सरकतो. तोच फोटो १/२५० सेकंदात घेतला, तर हात फक्त ४ मिलीमीटर सरकतो. मोठ्या माणसांना "हलू नका" सांगता येतं. दोन वर्षांच्या पोराला सांगून उपयोग नाही, म्हणून उजेड वाढवायचा.

नाइट मोड इथे हमखास फसतो. तो एकामागून एक अनेक फ्रेम घेऊन त्यांचा एक फोटो करतो आणि प्रत्येक फ्रेममध्ये मूल वेगळ्याच जागी असतं. तो बंदच ठेवा.

आता वेळ ठरवू. बुलढाणा जिल्ह्यात दिवाळीच्या दिवसांत सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो, मे महिन्यात सातच्या थोडा आधी. त्याआधीचा तासभर उजेड मऊ असतो, डोळे मिचकावावे लागत नाहीत. पण तेव्हा मूल भुकेलेलं किंवा पेंगुळलेलं असेल, तर त्या उजेडाचा काही फायदा नाही. दुपारची झोप झाली, थोडं खाऊन झालं, की लगेच फोटो. संध्याकाळी जमत नसेल तर सकाळी आठ-नऊ वाजता घ्या. भर दुपारीच घ्यायचा असेल तर ओसरीच्या सावलीत, उघड्या बाजूकडे तोंड करून बसा.

सावलीचा हाच नियम बाहेरही चालतो. सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या राजवाड्याचा भव्य दरवाजा आहे. कमानीच्या किंचित आत उभं राहून बाहेर पाहिलं, तर चेहऱ्यावर एकसारखा उजेड पडतो. फक्त १२ जानेवारी टाळा, जिजाऊ जन्मोत्सवाच्या गर्दीत लेकरू सांभाळणंच पुष्कळ झालं. लोणारला सरोवरापर्यंत खाली उतरायचा हट्ट कडेवर मूल असताना करू नये, असं माझं मत. गावातल्या दैत्यसूदन मंदिराच्या कोरीव दगडाची पार्श्वभूमी काही कमी सुंदर नाही. अशा जुन्या वास्तूंमध्ये ट्रायपॉड लावायच्या आधी मात्र विचारून घ्या.

कपड्यांचं म्हणाल, तर नवी टोचणारी जरीची झबली शेवटच्या पाच मिनिटांत घाला. खाऊ म्हणून चॉकलेट नको, बिस्किट बरं. लहान लेकरांना फुटाणे नकोत, घशात अडकतात.

प्रत्यक्ष फोटो घेताना आधी मोठ्यांना बसवा आणि आजीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, म्हणजे बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड लॉक होतो. आजोबांचं पांढरं धोतर किंवा टोपी फारच चमकत असेल, तर बाजूची पट्टी थोडी खाली ओढा. मूल सगळ्यात शेवटी आजीच्या मांडीवर येईल. फोन मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरायचा, म्हणजे तुम्हाला गुडघ्यावर बसावं लागेल. वाइड लेन्सने जवळून काढू नका, कडेच्या माणसांचे चेहरे ताणले जातात. दोन पावलं मागे जा.

पोर्ट्रेट मोडही नको. पार्श्वभूमी धूसर करायची म्हणजे कोण पुढे, कोण मागे याचा फोन अंदाज घेतो, आणि दोन रांगा असल्या की मागच्या काकूच धूसर होतात! त्याऐवजी बर्स्ट वापरा. काही फोनमध्ये बटण दाबून धरायचं असतं, काहींमध्ये ओढायचं. तीस-चाळीस फोटोंतून एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडतात.

फोटो काढणारी आई दरवेळी फोटोबाहेर राहते. दहा सेकंदांचा टायमर लावला, तर तेवढ्यात मूल उठून पळतं. ब्लूटूथ रिमोट घ्या, नाहीतर शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला हाक मारा.

फ्रेम करायची असेल तर फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नका, त्यात पिक्सेल बरेच कमी होतात. ८ बाय १२ इंचाच्या चांगल्या प्रिंटसाठी २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलच्या मूळ फाइलमध्ये ते आरामात मिळतात. फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या, आणि मंडळी गावात आहेत तोवरच स्टुडिओत टाकून या.