नदीची रेषा आखायची कुणी?

शहर आणि पाण्याचे कायदे : लेखांक ६

खडकवासला धरणातून ६० हजार क्युसेक पाणी सोडले, तर पुण्यात मुठा जिथवर पसरेल तिथे निळी पूररेषा. एक लाख क्युसेक सोडले, तर जिथवर पसरेल तिथे लाल. पुण्याच्या पूररेषांचा हा ढोबळ हिशेब. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. २५ जुलै २०२४च्या पहाटे धरणातून सोडलेले पाणी होते ३५ हजार क्युसेकच्या आसपास, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. आकडा प्रचंड आहे, पण निळ्या रेषेच्या आकड्यापेक्षा कितीतरी कमी. तेवढ्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतले तळमजले पाण्याखाली गेले आणि माणसांना बोटीतून बाहेर काढावे लागले.

अशा वेळी विचारायचे प्रश्न मोजकेच असतात. बुडालेले घर निळ्या रेषेच्या आत असेल, तर ते रेषेच्या आधीचे आहे की नंतरचे? नंतरचे असेल, तर त्याचा नकाशा मंजूर कसा झाला? आणि घर रेषेच्या बाहेर असेल, तर रेषा चुकली कुठे? पूर ओसरला की चर्चा मात्र पाणी कुणी सोडले, कधी सोडले आणि भोंगा वाजवला की नाही, याचीच होते. तीही व्हायला हवी. पण घर बुडणार की नाही, हे बरेचसे त्याआधी वीस-तीस वर्षे ठरलेले असते, विकास आराखड्याच्या टेबलावर.

गेल्या आठवड्यात आपण समुद्रकिनाऱ्याचे सीआरझेडचे नियम पाहिले. भरतीरेषेपासून किती अंतरात काय चालेल, हे केंद्राची अधिसूचना सांगते आणि त्या अधिसूचनेमागे १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याचे बळ आहे. नदीकाठाच्या वाट्याला असे काही आलेले नाही. १९७४चा जल कायदा पाण्यात काय सोडायचे नाही ते सांगतो. त्या पाण्याला पसरायला जागा किती लागते, यावर तो गप्प आहे. केंद्रीय जल आयोगाने १९७५ मध्येच पूरक्षेत्रांचे विभाग पाडण्यासाठी नमुना विधेयक करून राज्यांकडे धाडले. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या राज्यांनी त्यावरून कायदा केला. त्यात महाराष्ट्र नाही. आपल्याकडे पाटबंधारे खात्याचे १९८९चे एक परिपत्रक आहे, त्यानंतरच्या काही सूचना आहेत आणि बांधकाम नियमावलीतली काही कलमे आहेत. २००० साली राज्याने नदी नियमन क्षेत्राचे धोरण आणले होते. त्यात नदीपासून ठरावीक अंतरात कोणते उद्योग नकोत, हे सांगितले होते. २०१५ मध्ये तेही रद्द झाले. गंगेच्या खोऱ्यासाठी केंद्राने २०१६ मध्ये पूरमैदानातल्या बांधकामाला मनाई करणारा स्वतंत्र आदेश काढला. कृष्णा, भीमा, गोदावरी यांच्या नशिबी अजून तसा आदेश नाही. ज्या राज्याने १९६१चे पानशेत पाहिले, २००५ची २६ जुलै पाहिली, २०१९ मध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर आणि सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेलेली पाहिली, त्या राज्याकडे पूरक्षेत्राचा स्वतंत्र कायदा नसावा, हे मला अक्षम्य वाटते.

आता ही रेषा शहराच्या नकाशात उतरते कशी ते पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यात काय काय असावे याची यादी आहे. रस्ते, शाळा, बागा, दवाखाने यांच्या जोडीला पूरनियंत्रण आणि नदीप्रदूषण रोखण्याचे प्रस्तावही त्यात आहेत. म्हणजे पुराचा विचार करणे हे नगररचनेचे कायद्याने ठरवून दिलेले काम आहे. पण रेषा आखण्याचे ज्ञान नगररचना विभागाकडे नाही. ते जलसंपदा विभागाकडे. तिथले अभियंते नदीचे ठिकठिकाणी आडवे छेद घेतात, किती वर्षांतून एकदा किती मोठा पूर येऊ शकतो त्याचे गणित मांडतात आणि ते पाणी कोणत्या पातळीला पोचेल ते काढतात. ढोबळमानाने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्याच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळ्या आणि लालच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र. मग हा नकाशा महापालिकेकडे जातो आणि आराखड्याच्या रंगीत नकाशावर चढवला जातो.

‘पंचवीस वर्षांतून एकदा’ या शब्दांनी फार लोक फसतात. त्यांचा अर्थ पूर येऊन गेला की पुढची चोवीस वर्षे निवांत, असा नाही. कोणत्याही एका वर्षी तो पूर येण्याची शक्यता शंभरात चार, इतकाच त्यांचा अर्थ. कोणी निळ्या रेषेच्या काठाशी घर घेतले आणि वीस वर्षांचे गृहकर्ज काढले, तर कर्ज फिटेपर्यंत तो पूर निदान एकदा दारात येण्याची शक्यता शंभरात ५६ निघते. शंभर वर्षांच्या पुराचेही तसेच. तीस वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के, म्हणजे चारात एकाहून जास्त. घराच्या जाहिरातीत ‘रिव्हर व्ह्यू’ असे लिहिताना हा आकडा शेजारी छापण्याची सक्ती केली, तर नदीकाठचे भाव वर्षभरात शहाणे होतील.

२०२० पासून मुंबई आणि काही अपवाद सोडून राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम नको, आणि निळ्या-लालच्या मधल्या पट्ट्यात करायचे तर जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच हवे, असे ती सांगते. एका इमारतीपुरते पाहिले तर हे पटते. पण त्या पट्ट्यातल्या प्रत्येक इमारतीने भराव टाकून आपले जोते उंच केले, तर पाणी जायचे कुठे? ते शेजारच्या जुन्या बैठ्या वस्तीत जाते. नियम एकेका भूखंडाकडे पाहतो. नदीला भूखंड कळत नाहीत. भराव नको, इमारत खांबांवर उभी करा आणि खालून पाणी वाहू द्या, अशी अट सरसकट घालायला हवी.

त्याहून मोठी अडचण अशी की रेषा हलते. नदी जेवढी हलवते त्याहून जास्त कागद हलवतो. पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. त्यातल्या रेषा पूर्वीच्या रेषांपेक्षा नदीकडे सरकल्या आहेत आणि आखणीत धरणाखालच्या पाणलोटावर पडणारा पाऊस नीट धरलेला नाही, असा आक्षेप घेऊन शहरातले कार्यकर्ते उच्च न्यायालयात गेले. आक्षेपाचा दुसरा भाग सामान्य माणसानेही समजून घ्यावा असा आहे. खडकवासल्याच्या दरवाजांवर माणसाचा ताबा चालतो. पण धरण आणि शहर यांच्या मधल्या डोंगरउतारांवर, ओढ्यांवर कोसळणाऱ्या पावसाला दरवाजा नाही. तो थेट मुठेत येतो, आणि नेमका त्याच वेळी येतो जेव्हा धरणही भरलेले असते. त्यात पात्रात टाकलेला राडारोडा आणि भराव मिळवा, मग ३५ हजार क्युसेकची पातळी जुन्या हिशेबाला जुळेलच याची खात्री कोण देणार?

रेषा वीस-तीस मीटर नदीकडे सरकली, की काल निषिद्ध असलेली जमीन आज बांधकामाची होते आणि तिच्या किमतीचे शून्य वाढते. त्यामुळे रेषेवर दबाव येतो, हे सगळेच जाणतात. तरी आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात त्या आरक्षणांवर. पूररेषेमागचे छेद, विसर्गाचे आकडे, पर्जन्याची माहिती लोकांपुढे ठेवली जात नाही, आणि ज्याचा आधारच दिसत नाही त्यावर हरकत घ्यायची तरी कशी?

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिलेला एक आदेश इथे महत्त्वाचा. विठ्ठलवाडीपासून मुंबई-बंगळुरू बाह्यवळणापर्यंतचा रस्ता महापालिका मुठेच्या कडेने बांधत होती आणि त्याचा काही भाग भराव टाकून निळ्या रेषेच्या आत आला होता. नागरिक दाद मागायला गेले. भराव नदीत नको, रस्ता बाहेर सरकवा, जिथे आत येणे अटळ आहे तिथे खांबांवरून न्या, असा त्या आदेशाचा गाभा होता. शहराला रस्त्याची गरज आहे हे मान्य करूनही नदीचा वाहण्याचा मार्ग अडवता येणार नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. एक मोठा बदल २००६च्या पर्यावरण आघात अधिसूचनेने केला होता. २० हजार चौरस मीटर किंवा जास्त बांधकाम असेल तर आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. पण शहर फक्त मोठ्या संकुलांनी वाढत नाही. नदीकाठ गिळला जातो तो त्या मर्यादेखालच्या शेकडो लहान बांधकामांनी.

इथपर्यंत वाचून रेषा म्हणजे केवळ भले आणि तिला विरोध करणारा प्रत्येकजण बिल्डर, असे कुणाला वाटले, तर त्याने चिपळूणकडे पाहावे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी गेले, दुकानेच्या दुकाने चिखलात रुतली. नंतर जलसंपदा विभागाने रेषा आखल्या आणि जुने गाव, बाजारपेठ त्यांच्या आत आली. लोक संतापले. त्यांचे म्हणणे सोपे होते. आमचे वाडे रेषेच्या कितीतरी आधीचे आहेत. पुरात भिंत खचली तर ती पुन्हा बांधायची नाही का? नदीतला गाळ काढा, मग रेषा आखा. गाळासाठी त्यांनी साखळी उपोषण केले आणि त्यानंतर गाळ काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरूही झाले.

या म्हणण्यातले बरेचसे खरे आहे. पूररेषेने जमीन संपादित होत नाही, म्हणून मोबदला मिळत नाही. घर मालकाचेच राहते, फक्त ते विकताना किंमत येत नाही आणि दुरुस्तीला परवानगीसाठी हेलपाटे घालावे लागतात. मोकळ्या शेतजमिनीवर आखलेली रेषा आणि भरवस्तीवर आखलेली रेषा यांना एकच नियम लावणे अन्याय आहे. मोकळ्या जमिनीवर ती कठोर हवी, तिथे तडजोड नको. वस्तीवर मात्र रेषेच्या बरोबर काहीतरी द्यायला हवे: तळमजला रिकामा सोडून वर बांधण्याची सोय, सोडून जाणाऱ्याला हस्तांतरणीय विकास हक्क, दुकानदाराला विम्यासाठी मदत. शहराने एका रस्त्यासाठी जागा घेतली तर तो हक्क देते. नदीसाठी जागा सोडणाऱ्याला तो का नाही? मात्र गाळ काढला की रेषा पुसता येईल, हे चिपळूणकरांचे म्हणणे मला मान्य नाही. गाळ पुन्हा साठतो, आणि पुसलेल्या रेषेवर उभी राहिलेली इमारत मागे घेता येत नाही.

तुमच्या शहराचा आराखडा प्रसिद्ध झाला की रंगांकडे जाण्याआधी तीन गोष्टी शोधा. नकाशावर दोन्ही रेषा दाखवल्या आहेत का. त्या जलसंपदा विभागाच्या कोणत्या वर्षीच्या नकाशावरून घेतल्या. आणि आधीच्या आराखड्यातल्या रेषांपेक्षा त्या कुठे सरकल्या. तिसऱ्या प्रश्नासाठी जुना नकाशा हवा, तो माहितीच्या अधिकारात मागता येतो. रेषा सरकलेली दिसली, तर कारण लेखी विचारा आणि ती हरकत ठरलेल्या मुदतीत, सर्व्हे क्रमांकासह द्या. सुनावणीत ‘नदी वाचवा’ म्हणणाऱ्याला नमस्कार मिळतो. सर्व्हे क्रमांक सांगणाऱ्याला उत्तर द्यावे लागते.

पुढच्या आठवड्यात : ज्यांना पूररेषाच आखली जात नाही असे ओढे, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीचा पुण्याचा आंबिल ओढा.