सायकलीचा नवा टायर घेतांना

बैलगाडीच्या चाकावर धांव चढवितांना लोहार काय करतो, हें ज्यांनीं लहानपणीं पाहिलें असेल त्यांस आमचें म्हणणें चटकन् पटेल. तो आधीं चाकाचा घेर मोजतो, धांव त्याहून किंचित् लहान करतो, ती तापवून फुगवितो आणि चाकावर बसवून तिच्यावर पाणी ओततो. निवतांना ती आवळते व चाकास घट्ट धरते. तेथें नांवाचा प्रश्नच येत नाहीं. सायकलीचा टायर मात्र तयार विकत मिळतो व तो नांवानें मागावा लागतो. घोटाळ्याचें मूळ या नांवांत आहे.

जाड, खरबरीत टायरांची गिअरची सायकल, जिला माउंटन बाइक म्हणतात, ती आतां घरोघर आली आहे. टायर झिजला कीं मुलगा दुकानांत जाऊन ‘सव्वीसचा द्या’ म्हणतो व दुकानदार देतो. हें सव्वीस म्हणजे काय? हवा भरलेल्या टायरचा बाहेरचा व्यास इंचांत सांगण्याची ती जुनी रीति आहे. २६ इंच म्हणजे सुमारें ६६० मिलिमीटर. टायर जाड असेल तर आंतली रिम लहान, टायर बारीक असेल तर रिम मोठी, बेरीज तीच. वाचकांनीं कागद घेऊन ताळा पाहावा. लेडीज सायकलीचा २६ × १ ३/८ हा टायर सुमारें ३५ मिलिमीटर जाडीचा. दोन बाजूंचे ७० आणि रिमेचे ५९० मिळून ६६०. २६ × १ १/२ याचे ७६ आणि रिमेचे ५८४ मिळून पुन्हा ६६०. दोन इंची जाड टायर घेतला तर १०१ आणि ५५९ मिळून तेंच. नांव एक आणि रिमा तीन!

यांतील ५५९ ची रिम ही जुन्या माउंटन सायकलीची. अमेरिकेंत १९३३ सालीं श्विन कंपनीनें जाड, फुगीर टायरांची सायकल काढली. पुढें १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील तामलपैस डोंगराच्या उतारांवर तरुण मंडळी अशाच जुन्या सायकली सोडूं लागली. माउंटन बाइक तेथली, म्हणून ही रिम तिला वारशानें मिळाली. अलीकडच्या सायकली बहुधा ‘साडेसत्तावीस’ किंवा ‘एकोणतीस’ असतात. त्यांतील साडेसत्तावीस म्हणजे वरची ५८४ चीच रिम, जाड टायर घालून नव्या नांवानें आलेली. एकोणतीसची रिम ६२२ ची. युरोपांत ‘अठ्ठावीस’ म्हणून विकला जाणारा टायर बहुधा याच मापाचा असतो. आपल्याकडील जुन्या उभ्या सायकलीचा २८ × १ १/२ मात्र ६३५ चा. नामभेद आणि रूपभेद यांची इतकी गुंतागुंत आम्हांस न्यायशास्त्राच्या पोथ्यांतही आढळली नव्हती.

परवां आमच्या पुतण्याच्या चिरंजीवानें आपल्या सव्वीसच्या सायकलीस पुढचा टायर आणला. रविवारीं मित्रांबरोबर सिंहगडाचा घाट चढून उतरावयाचा बेत होता. ‘‘आजोबा, टायर इतका सहज बसला कीं पान्याची गरजच पडली नाहीं,’’ असें तो कौतुकानें म्हणाला, आणि तेंच ऐकून आम्हांस शंका आली. बरोबर मापाचा टायर शेवटच्या वितीला हट्ट करतोच. चष्मा लावून पाहिलें तों बाजूवर ४०-५८४, आणि रिम ५५९ ची! पंचवीस मिलिमीटरांची तफावत. टायरच्या कांठांत जी तार असते ती ताणत नाहीं. हवेच्या दाबानें कांठ रिमेच्या ओठास टेकतो, म्हणून टायर जागेवर राहतो. तार मोठी असेल तर टेकावयास जागाच नाहीं. ऐन उतारावर, पुढच्या चाकावरून टायर सुटला असता तर काय झालें असतें, याचा विचार आम्हीं घरांत मोठ्यानें बोलून दाखविला नाहीं.

दुकानदार म्हणाला, ‘‘सर, मुलानें दीडचा मागितला, मीं दीडचा दिला.’’ दोघेही खोटे नव्हते. मुलास हवा होता २६ × १.५०, म्हणजे ४०-५५९. मिळाला २६ × १ १/२. पस्तीस वर्षें आम्ही फळ्यावर या दोन आंकड्यांमध्यें बरोबरीचें चिन्ह काढीत आलों. शाळेंत तें खरें आहे. टायरच्या दुकानांत अपूर्णांक आणि दशांश यांचीं घराणीं वेगळीं.

यासाठीं जुन्या टायरच्या बाजूवरील जोडआंकडा कागदावर उतरून न्यावा. त्यांतील शेवटचे तीन अंक तंतोतंत जुळलेच पाहिजेत. तेथें एका मिलिमीटराचीही सवलत नाहीं. पहिला आंकडा जाडीचा, त्यांत थोडी मोकळीक आहे. रिमेच्या आंतल्या रुंदीच्या साधारण दीडपट ते तिप्पट जाडी चालते. फार जाड टायर मात्र चिमट्यास किंवा ब्रेकला घांसतो. दोन्ही बाजूंस निदान सहा मिलिमीटर जागा उरावी. मुलगा रोज डांबरी रस्त्यानें कॉलेजांत जात असेल तर उंच गुट्ट्यांचा टायर कशाला? तो जड चालतो, गुणगुणतो व लवकर झिजतो. गुळगुळीत किंवा बारीक नक्षीचा १.५० घ्यावा. चिखलवाटांचा नाद असेल तरच गुट्टे.

ट्यूबही त्याच मापाची हवी. तिचा व्हॉल्व पाहावा: मोटारीच्या जाड व्हॉल्वला रिमेचें भोंक सुमारें साडेआठ मिलिमीटर लागतें, बारीक फ्रेंच व्हॉल्वला साडेसहा. बारीक भोंकांत जाड व्हॉल्व जात नाहीं, आणि भोंक मोठें करण्याचा उद्योग कोणीं करूं नये, रिम कमजोर होते. टायर चढवितांना बाजूवर बाण असल्यास तो चाक फिरण्याच्या दिशेनें ठेवावा. शेवटचा कांठ हातानेंच लोटावा; स्क्रू-ड्रायव्हर घातला कीं नवी ट्यूब चिमटते. मग थोडी हवा भरून चाक सावकाश फिरवावें. कांठालगत टायरवर एक बारीक उठावदार रेघ असते. ती दोन्ही बाजूंस रिमेपासून सर्वत्र सारख्या अंतरावर दिसली, म्हणजे टायरवर छापलेल्या दाबापर्यंत उरलेली हवा भरावी.