कळण्याची भाकरी आणि आवर घालणाऱ्या पेशी

थंडी पडली की जळगावजवळच्या असोद्याच्या शिवारात भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. वाळल्या पऱ्हाट्या पेटवायच्या, फिकट हिरवी, गलेलठ्ठ वांगी त्यावर भाजायची, साल काढून लाकडी भांड्यात ठेचायची. मग तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून दळलेल्या पिठाची. जळगावच्या या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. रोगप्रतिकारशक्तीचा विषय निघाला की मात्र लोकांना औषध दुकानातली पावडरीची डबी आठवते, हे ताट आठवत नाही. ते आठवायला हवं.

मुळात प्रतिकारशक्ती नुसती 'वाढवायची' ही कल्पनाच चुकीची आहे. शरीरातले सैनिक गरजेपेक्षा जास्त चवताळले तर ते घरच्यांवरच उठतात. संधिवाताचा आमवात हा प्रकार, लहान मुलांना होणारा टाइप-1 मधुमेह हे अशाच घरभेदी हल्ल्याचे आजार. हा हल्ला रोखणाऱ्या पेशी शरीरात असतात, हे जपानचे शिमॉन साकागुची यांनी 1995 मध्ये दाखवून दिलं. त्यांना नियामक टी-पेशी म्हणतात. 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल साकागुची, मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळालं ते याच कामासाठी.

आता भाकरीकडे वळू. ज्वारीच्या 100 ग्रॅम दाण्यांत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात, अख्ख्या उडदात त्याच्या जवळपास दुप्पट, तर मैद्यात जेमतेम 3. हे तंतू आपल्याला पचत नाहीत, ते जसेच्या तसे मोठ्या आतड्यात पोचतात. तिथे वस्तीला असलेले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. आतड्याच्या अस्तराच्या पेशी प्रामुख्याने त्यावर पोसल्या जातात. शिवाय 2013 साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं, की ब्युटिरेट मिळालं की आतड्यात नियामक टी-पेशींची संख्या वाढते. माणसाच्या शरीरातलं सगळं चित्र इतकं स्पष्ट झालेलं नाही, पण दिशा तीच आहे. जळगावच्या केळीचंही तसंच. कच्च्या केळातला बराचसा स्टार्च पचनाला दाद देत नाही, तोही या जिवाणूंच्या वाट्याला जातो. कच्च्या केळाची भाजी आठवड्यातून एकदा तरी व्हावी ती यासाठी. भरितावर तेलाचा तवंग मात्र हवाच असं नाही. खानदेशी हात तिथे जरा सैल सुटतो.

चालण्याबद्दल फार सांगायला नको. भरभर चालताना संरक्षक पेशी रक्तात अधिक संख्येने फिरू लागतात. जळगावचा मे महिना 45 अंशांना भिडतो, तेव्हा हे चालणं पहाटेच उरकावं.

पण चांगल्या सवयी म्हणजे कवच नव्हे. कवयित्री बहिणाबाई चौधरी 1880 साली याच असोद्यात जन्मल्या. कष्टाचं आयुष्य, घरच्या जात्यावरचं पीठ, शेतातलं चालणं. आज आरोग्याचे सल्लागार सांगतात त्यातलं बरंच त्यांच्या घरात होतं. तरीही प्लेगने त्यांच्या मुलाला, ओंकारला, कायमचं अपंगत्व दिलं. प्लेगवर लस शोधणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांनी जानेवारी 1897 मध्ये मुंबईत ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. भाकरीने लस टळत नाही, हे खानदेशातल्या प्रत्येक आईबापाने ध्यानात ठेवावं.

लस घेतली तरी तिला साथ लागते ती झोपेची. शिकागोतल्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना सलग काही रात्री फक्त 4 तास झोपू दिलं आणि त्याच दिवसांत फ्लूची लस टोचली. दहा दिवसांनी पाहिलं, तर त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं नेहमीसारखं झोपणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी. दुसऱ्या एका अभ्यासात 164 जणांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली.

लवकर झोपा, हा सल्ला शहरात देणं सोपं आहे. शेतीपंपाला वीज रात्रपाळीने येते, तेव्हा शेतकऱ्याला मध्यरात्री उठून, बॅटरी घेऊन, केळीला पाणी द्यायला जावंच लागतं. साप-विंचवाचं भय वेगळंच. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात 2017 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राबवली जाते आहे. तिचा हिशेब मेगावॅटमध्ये मांडला जातो. गावागावांतल्या आरोग्य केंद्रांनीही त्यात लक्ष घालायला हवं, कारण दिवसा वीज आलेल्या शिवारात शेतकऱ्याला सलग सात तासांची झोप परत मिळते.