जांभ्याखालची माती

एग्मोरला तमिळमध्ये एळुंबूर म्हणतात. त्यातला ‘ळ’ आपल्या ‘ळ’हून वेगळा, तो आपल्याही जिभेला चकवतो, तिथे इंग्रजांची काय कथा! चेन्नईच्या या भागात आपल्याकडचा माणूस आला तर बहुधा मदुराई-रामेश्वरची गाडी पकडायला. हातात दोन-तीन तास असले तर लाल-पांढऱ्या स्टेशनातून बाहेर पडून पँथियन रोडवरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयापर्यंत जावं. शुक्रवार मात्र टाळावा, त्या दिवशी ते बंद असतं.

१८५१ साली सुरू झालेलं हे संग्रहालय लोक ओळखतात ते चोळांच्या कांस्यमूर्तींसाठी. नटराजासमोरून पाय निघत नाही, हे मलाही मान्य. पण याच आवारात रॉबर्ट ब्रूस फूट नावाच्या भूवैज्ञानिकाने जन्मभर गोळा केलेले दगड आहेत. १९०४ मध्ये मद्रास सरकारने ते विकत घेतले. अशा दगडांसमोर कुणी फारसं थांबत नाही, कारण बघण्यासारखं त्यात काही नसतंच. ओंजळीत मावेल असा क्वार्टझाइटचा दगड, आकार बदामासारखा, दोन्ही बाजूंनी टवके काढलेले. बुंध्याशी जाड, टोकाकडे निमुळता. पुरातत्त्ववाले त्याला हातकुऱ्हाड म्हणतात, पण दांडा नसल्यामुळे कुऱ्हाड म्हणायला जीभ कचरते. तो मुठीतच धरायचा.

असा पहिला दगड फूटला सापडला ३० मे १८६३ रोजी, पल्लावरमला. मे अखेरचं मद्रास म्हणजे काय, ते तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. फूट तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला लागून त्याला चार-साडेचार वर्षं झाली होती. खडीसाठी मुरूम उपसलेल्या एका खड्ड्यात त्याला तो दिसला.

तसे दगड त्याच्याआधी किती जणांच्या पायाखालून गेले असतील! तो खड्डा खणणाऱ्या मजुरांच्या पाट्यांतून तर नक्कीच. फूटला तो ‘दिसला’, कारण चारच वर्षांपूर्वी, १८५९ मध्ये, फ्रान्समधल्या सोम नदीच्या वाळू-गोट्यांतून निघालेली अशीच अवजारं खरोखर माणसाने घडवलेली आणि अतिप्राचीन आहेत, असा निर्वाळा प्रेस्टविच आणि इव्हान्स या इंग्रज अभ्यासकांनी दिला होता. बायबलवरून हिशेब करून जगाचं वय सहा हजार वर्षं सांगणारे धर्मगुरू अजून वजन राखून होते, तो हा काळ. आपल्याकडे तर वयाचा प्रश्नच नव्हता. युगांचे आकडे आपण लाखांत मोजत आलो होतो, फक्त त्या लाखांचा पायाखालच्या मुरमाशी काही संबंध असेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

चार महिन्यांनी, २८ सप्टेंबरला, फूट आणि त्याचा सहकारी विल्यम किंग मद्रासच्या वायव्येला साठेक किलोमीटरवर अत्तिरंपाक्कम या गावाजवळच्या ओढ्यात उतरले. तिथे एखाददुसरा नव्हे, दगडांचा खच होता. कोर्तलैयार नदीच्या खोऱ्यातलं हे गाव तेव्हापासून प्रागितिहासाच्या नकाशावर आहे.

फूट पुढे आपल्याकडेही आला. ‘दक्षिण मराठा मुलखा’च्या भूरचनेवर त्याने १८७६ साली अख्खा ग्रंथ लिहिला. बेळगाव, कलादगी, मलप्रभेचं खोरं त्याने पालथं घातलं. गोकाकजवळ त्याला चक्क गेंड्याचे अवशेष मिळाले आणि त्या जातीला त्याने दख्खनचं नाव दिलं. गोकाकचा धबधबा बघायला जाणाऱ्या किती मराठी कुटुंबांना हे ठाऊक असेल कोण जाणे.

खरी गोष्ट मात्र इथून पुढची आहे, आणि ती अत्तिरंपाक्कमच्या ओढ्याकाठी घडते.

ओढ्याने कापलेल्या काठात थर स्पष्ट दिसतात. वरच्या थरांत कोकणातल्या माणसाला लगेच ओळखीचा वाटेल असा जांभ्याचा मुरूम. त्यात अवजारं सापडतात. त्याच्याखाली पापुद्र्यापापुद्र्यांची चिकण माती, कित्येक फूट जाड. आसपासच्या प्रदेशात क्रेटेशियस काळातले, म्हणजे डायनोसॉर होते तेव्हाचे, शेलचे थर आहेत. ही मातीही त्यांतलीच, असं ठरून गेलं. ते एकदा ठरल्यावर पुढचा हिशेब सरळ होता. डायनोसॉरच्या काळात माणूस कुठला? म्हणजे त्या मातीत अवजारं असणं शक्य नाही. म्हणजे तिथे खणायचं कारण नाही. १९६०च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या के. डी. बॅनर्जी यांनी इथे उत्खनन केलं, पण तेव्हाही हा समज कायम राहिला. फूटनंतर शंभरावर वर्षं जाणकार येत राहिले आणि मातीच्या वरच्या अंगाशी थांबत राहिले.

यात कुणाचा आळस नव्हता. विहीर खणणाऱ्यालाही काळा कातळ लागला की तो थांबतो. फरक इतकाच, की इथे कातळ नव्हता. त्याचं नाव तेवढं लागलेलं होतं.

शांती पप्पू यांचं प्रागितिहासाचं शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं. हसमुख धीरजलाल सांकळिया यांनी घडवलेली ती परंपरा, जिच्यात खोदकामाइतकंच नदीचं खोरं पायी तुडवण्याला महत्त्व. पप्पूंनी आधी कोर्तलैयारचं खोरं असंच धुंडाळलं आणि १९९९ मध्ये अत्तिरंपाक्कमला चर टाकायला घेतले. चेन्नईच्या शर्मा सेंटर फॉर हेरिटेज एज्युकेशन या छोट्या संस्थेचं हे काम, कुमार अखिलेश त्यांच्या जोडीला. मुरूम संपला, चिकण माती लागली. आणि त्यांनी खोदणं थांबवलं नाही.

मातीत हातकुऱ्हाडी होत्या.

इथे पहिली शंका कुठल्याही शेतकऱ्याला येईल तीच. उन्हाळ्यात काळ्या रानाला अशा भेगा पडतात की हातातून निसटलेला विळा पुन्हा दिसत नाही. वरच्या मुरमातली अवजारंच भेगांतून खाली घसरली असतील तर? पण तसं असतं तर मुरमातले साधे खडेही त्यांच्यासोबत खाली यायला हवे होते. ते नव्हते. ही माती पुराच्या संथ, पसरट पाण्याने आणून टाकलेला गाळ होती, आणि संथ पाणी गाळ आणतं, मुठीएवढे दगड आणत नाही. तेव्हा या मातीत जो दगड आहे तो कुणीतरी हाताने आणलेला आहे. शिवाय अवजारं एकाच पातळीवर साचलेली नव्हती, मातीच्या सबंध जाडीत वरपासून खालपर्यंत होती. आणि पहिले मोठाले टवके काढताना जो कचरा पडतो, तो तिथे जवळजवळ नव्हता. म्हणजे ओबडधोबड घडाई दुसरीकडे करून, माल अर्धा तयार करून इथे आणला जात होता. चर नऊ मीटरपर्यंत खाली गेले. तळाकडच्या थरांतून साडेतीन हजारांहून अधिक अवजारं निघाली.

क्रेटेशियसचं लेबल गळून पडलं. पण मग वय काय?

इथे पुरातत्त्ववाल्याचं काम संपतं, किंवा खरं तर त्याला दुसऱ्यांची दारं ठोठावावी लागतात. फ्रान्समधून भूवैज्ञानिक आले. त्यांत मॉरिस तायब होते, इथिओपियातल्या हदार या स्थळाचा शोध लावणारे. ‘ल्यूसी’ या मानवाच्या आदिम पूर्वजाचा सांगाडा पुढे तिथेच मिळाला. भूरूपांचे अभ्यासक यानी गनेल आले, चुंबकत्व मोजणारे आले.

चुंबकत्वाची भानगड अशी. पृथ्वीची उत्तर-दक्षिण मधूनमधून उलटते. अशी शेवटची उलथापालथ झाली सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. गाळ साचताना त्यातले लोहाचे बारीक कण त्या त्या वेळच्या दिशेला तोंड करून बसतात आणि तसेच राहतात. अत्तिरंपाक्कमच्या मातीतले कण उलट्या दिशेला तोंड करून बसलेले निघाले.

दुसरी तपासणी अवजारांचीच. दगड उघड्यावर असतो तोवर अवकाशातून येणारे विश्वकिरण त्याच्या क्वार्ट्झमध्ये ॲल्युमिनियम-२६ आणि बेरिलियम-१० हे अणू तयार करत राहतात, ठरलेल्या प्रमाणात. दगड खोल गाडला गेला की नवी भर थांबते आणि असलेलं झिजू लागतं. ॲल्युमिनियम निम्मं व्हायला सात लाखांच्या आसपास वर्षं, बेरिलियमला जवळपास दुप्पट. दोघांचं गुणोत्तर जितकं बिघडलेलं, तितका दगड जुना गाडलेला. यासाठी अवजाराचा तुकडा कुटून आम्लात विरघळवावा लागतो. पंधरा लाख वर्षं टिकलेली वस्तू, तिचं वय कळावं म्हणून नष्ट करायची, हे मला अजून पचलेलं नाही.

हो, पंधरा लाख. २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: किमान १० लाख ७० हजार वर्षं, आणि अवजारांच्या मोजमापांची सरासरी सुमारे १५ लाख १० हजार. आपल्यासारखा माणूस, होमो सेपियन्स, तेव्हा जन्माला यायचा होता. ओढ्याकाठच्या या मातीमुळे भारतातल्या मानवी वस्तीची कथा आफ्रिकेतल्या जुन्या कथेच्या बरीच जवळ जाऊन बसली.

एवढ्यावर कुणी दुसरा थांबला असता. हे लोक पुन्हा वर आले, जुन्या मुरमाच्याही वरच्या थरांकडे.

वरच्या थरांत हातकुऱ्हाडी कमी होत जातात आणि वेगळीच कारागिरी दिसू लागते. आधी दगडाचा गाभा चहूबाजूंनी ठोकून नीट तयार करायचा, मग एका नेमक्या घावात हवा तसा टवका उडवायचा. याला लेव्हल्वा पद्धत म्हणतात, फ्रान्समधल्या गावावरून. यात घाव घालण्याआधी टवका डोक्यात तयार असावा लागतो. हे मध्य पुराश्मयुग. आणि इथे मराठी वाचकाने कान टवकारावेत, कारण भारतात हा टप्पा स्वतंत्र म्हणून पहिल्यांदा नीट ओळखला गेला तो नेवाशाला. १९५०च्या दशकात सांकळियांनी प्रवरेच्या काठावर या अवजारांची वेगळी मालिका दाखवून दिली, आणि अभ्यासकांच्या लेखनात ‘नेवासियन’ हा शब्द रुजला. ज्या गावात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच गावाच्या नदीत हे दगड. पैसाच्या खांबाला हात लावून परतणाऱ्यांपैकी नदीपात्राकडे बघणारे थोडेच.

नेवाशाच्या दगडांना नाव मिळालं, पण वर्षांचा पक्का आकडा तेव्हा मिळणं शक्य नव्हतं. अत्तिरंपाक्कमच्या वेळी तो उत्तरेतून आला, अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतून. तिथले अशोक सिंघवी, हरेश राजपरा आणि अनिल शुक्ला मातीच्या कणांना त्यांचं वय विचारतात. मातीचा कण उन्हात असतो तोवर त्याची पाटी कोरी. गाडला गेला की भोवतालच्या मातीतल्या किरणोत्सर्गामुळे त्यात ऊर्जा साठत राहते, पिग्मी खात्यासारखी, रोज थोडी. प्रयोगशाळेत विशिष्ट प्रकाश टाकला की कण ती सगळी रक्कम प्रकाशाच्याच रूपात एकदम परत करतो. ती मोजायची आणि रोजच्या हप्त्याने भागायची. अट एकच, वाटेत उजेड दिसता कामा नये. म्हणून चराच्या भिंतीत नळी ठोकून नमुना काढायचा, झाकून न्यायचा आणि मंद तांबड्या दिव्यात उघडायचा. क्षणभर ऊन लागलं तर लाखो वर्षांचं खातं रिकामं.

३१ जानेवारी २०१८ च्या ‘नेचर’मध्ये आकडा आला: मध्य पुराश्मयुगाची सुरुवात ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वी, ६४ हजारांच्या कमी-अधिक फरकाने. हे तंत्र आधुनिक माणसाने आफ्रिकेतून भारतात आणलं, तेही फार तर सव्वा लाख वर्षांपूर्वी, असं मानणाऱ्यांची पंचाईत झाली. सात हजारांवर अवजारं तपासून हा बदल जागच्या जागी, हळूहळू झालेला दिसत होता.

दुसऱ्या दिवशी काही मथळ्यांनी लगेच माणूसच भारतात घडवून टाकला. संशोधकांनी तसं म्हटलं नव्हतं, म्हणणं शक्यही नव्हतं. कारण ही अवजारं कुणी केली ते सांगणारं एकही मानवी हाड अत्तिरंपाक्कमला मिळालेलं नाही. मिळाले ते जनावरांचे मोजके दात, आणि मातीत उमटलेले काही गोलसर ठसे, बहुधा खुरांचे. पुराचं पाणी ओसरल्यावर ओल्या गाळातून एखादं जनावर चालत गेलं, त्याची पावलं राहिली. ज्याच्या हातात कुऱ्हाड होती, त्याचं पाऊल नाही.

एग्मोरहून पल्लावरमला लोकल जाते. मांबळम, सैदापेट, गिंडी, मीनंबाक्कमच्या विमानतळाला वळसा, आणि मग पल्लावरम. मी संग्रहालयातून निघालो आणि उगाचच तिकीट काढलं. फूटचा खड्डा आता शोधून सापडणार नाही, सगळी वस्ती झाली आहे. फलाटाच्या कडेला उभा राहून रुळांमधली खडी न्याहाळत होतो, तर भाजीची पिशवी घेतलेल्या एका बाईंनी जवळ येऊन तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. मग त्यांनी खाली बोट दाखवून खुणेने विचारलं, काही पडलंय का तुमचं?

मी मान हलवली. पण तोवर त्याही वाकून शोधायला लागल्या होत्या.