सोडलेल्या कारखान्याची जमीन

पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा आम्हां संग्रामपूरकरांस नवा नाहीं. जमीन चोपण झाली कीं जिप्सम घालावा, चर खणून निचरा करावा, पावसाच्या गोड्या पाण्यानें क्षार धुवून काढावा, हा उपाय बहुतेकांस ठाऊक आहे. त्यामुळें बंद कारखान्याची पडीक जागाही दोन पावसाळ्यांत सुधारेल असें वाटणें साहजिक आहे. परंतु हा समज आम्हांस घातक वाटतो. मीठ पाण्याबरोबर वाहून जातें. शिसें मातीस पिढ्यान्‌पिढ्या चिकटून राहतें, आणि कांहीं विषारी द्रावकें झिरपत थेट विहिरीस लागतात.

भोपाळचें उदाहरण पाहावें. युनियन कार्बाइडच्या कारखान्यांतून वायु सुटला तो १९८४ च्या डिसेंबरांत. आवारांतील सुमारें ३३७ टन विषारी कचरा पिथमपुरास हलला तो २०२५ च्या जानेवारींत. तेथें तो त्याच वर्षीं जाळला गेला. पण भोपाळच्या जमिनींत व भूजलांत मुरलेलें विष त्यामुळें निघालें नाहीं.

तेव्हां अशी जागा घेण्यापूर्वीं तेथें काय बनत असे, तेल व राख कोठें टाकीत, हें जुन्या कामगारांस विचारावें. माती व विहिरीचें पाणी जड धातूंसाठीं मुद्दाम तपासून घ्यावें; नेहमींच्या माती-परीक्षेंत शिसें पाहत नाहींत. दूषित थर उथळ असल्यास तो खरवडून शासनमान्य ठिकाणीं पाठवावा, शेजाऱ्याच्या बांधावर नव्हे! उरलेल्या जागेवर स्वच्छ माती पसरून पक्क्या फरशीचें गोदाम बांधणें बरें. पालेभाज्या व कंद मुळींच नकोत. कपाशी कांहीं खाण्याचें पीक नव्हे, असें कोणी म्हणेल. पण सरकीची ढेप आपल्याच गुरांपुढें येते.