गोल्फ : खेळाडू ते प्रशिक्षक

गोल्फमध्ये व्यावसायिक खेळाडूची मिळकत बेभरवशाची असते, कारण चार दिवसांच्या स्पर्धेत साधारणतः दोन दिवसांनंतर ‘कट’, म्हणजे गुणांची चाळणी, लागते आणि तीत गळलेल्यांना सहसा बक्षिसाची रक्कम मिळत नाही. म्हणून अनेक जण पुढे शिकवण्याकडे वळतात.

अमेरिकेचे बुच हार्मन पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेत खेळले, परंतु त्यांचे नाव झाले ते ग्रेग नॉर्मन आणि टायगर वूड्स या खेळाडूंचे प्रशिक्षक म्हणून. शिकवताना कस लागतो तो चूक हेरण्याच्या नजरेचा: फटक्याने उखडलेल्या गवताचा चट्टा, म्हणजे ‘डिव्हॉट’, चेंडूच्या जागेमागून सुरू झाला असेल, तर क्लब, म्हणजे गोल्फची काठी, चेंडूआधी जमिनीला लागली, हे मुरलेला प्रशिक्षक लगेच ओळखतो. भारतात प्रशिक्षक जसकीरतसिंग ग्रेवाल यांना २०२३ चा द्रोणाचार्य जीवनगौरव पुरस्कार मिळाला.