कळंबोलीतलं सगळ्यात भारी सँडविच कोणाचं?

मुलांनो, तुमच्या गावात सगळ्यात चांगलं सँडविच कुठं मिळतं? थांबा, थांबा! सगळे एकदम ओरडू नका. आमच्या वर्गात अगदी असंच झालं होतं.

मी कळंबोलीत पाचवीला शिकवते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो ना, तीच ही कळंबोली. एकीकडे लोखंडाचा मोठ्ठा बाजार आणि ट्रकच्या रांगा, दुसरीकडे सिडकोनं वसवलेले सेक्टर. संध्याकाळी क्लास सुटायच्या वेळेला कोपऱ्याकोपऱ्यावर सँडविचच्या गाड्या उभ्या राहतात. एका शनिवारी परिसर अभ्यासाच्या तासाला यावरूनच भांडण जुंपलं. 'आमच्या सेक्टरमधलंच बेस्ट!' 'हॅ! तुमच्याकडं चटणी म्हणजे नुसतं हिरवं पाणी!' शेवटी मी म्हटलं, भांडू नका, शोधून काढू या.

पण आधी थोडी गंमत. सँडविच हे नाव आहे इंग्लंडमधल्या एका गावाचं. जॉन माँटेग्यू हा त्या सँडविच गावाचा चौथा अर्ल, म्हणजे सरदार म्हणा. पत्ते खेळताना उठायला लागू नये म्हणून त्यानं दोन पावांत मांस घालून मागवलं, अशी गोष्ट सांगतात. काही अभ्यासक म्हणतात, पत्ते कुठले, तो कचेरीच्या टेबलावर काम करत बसलेला असायचा! खरं काय ते असो. पण एडवर्ड गिबन या इतिहासकाराच्या रोजनिशीत 24 नोव्हेंबर 1762 रोजी खाण्याचा पदार्थ म्हणून हा शब्द आला आहे. आपला 'पाव' हा शब्दही परदेशीच बरं का, पोर्तुगिजांकडून आलेला. आणि आपला वडापाव? तोही एका अर्थी सँडविचच की! 1966 साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो पहिल्यांदा विकला, असं सांगतात.

आता आमच्या शोधाकडे वळू. मुलांना मी चार दिवस दिले. मोठ्या माणसाबरोबरच जायचं, गिऱ्हाइकांच्या मध्ये उभं राहायचं नाही आणि 'काका, बघू का?' असं विचारूनच बघायचं. वहीत पाच रकाने आखले : चटणी, थर, पाणी, हात-चाकू आणि चव. प्रत्येकाला दोन गुण. 'बाई, चव शेवटी?' एकानं तोंड वाकडं करून विचारलं. म्हटलं, हो, शेवटी. जीभ पटकन फसते. चाट मसाला भरपूर मारला की शिळा बटाटाही खपून जातो!

थर नीट बघितलेत कधी? चांगला सँडविचवाला आधी ब्रेडला कडेपर्यंत लोणी लावतो. फक्त चवीसाठी नाही हं. लोण्यात निदान ऐंशी टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळं चटणीचं आणि काकडी-टोमॅटोचं पाणी ब्रेडमध्ये चटकन मुरत नाही. लोण्यात काटकसर केली की दोन मिनिटांत ब्रेडचा लगदा होतो. मग चटणी, मग उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या. बीटाचा लाल रंग पाण्यात विरघळणारा, म्हणून हुशार माणूस बीट ब्रेडला टेकू देत नाही, बटाटा आणि टोमॅटोच्या मध्ये दडवतो. आमच्या मुलींनी यावरून एक परीक्षाच काढली. अर्धं सँडविच उघडायचं. ब्रेड गुलाबी दिसला की एक गुण कट!

चटणीचं गुपित एका काकांनी स्वतःहून सांगितलं. मिक्सरचं पातं फिरून फिरून तापतं, त्या उष्णतेनं कोथिंबिरीचा हिरवा रंग उतरतो. म्हणून ते वाटताना बर्फ टाकतात. आणि थोडं डाळं घालतात, म्हणजे चटणी दाट राहते, पाणी सुटत नाही.

पाण्याच्या रकान्याबद्दल मात्र मी फार कडक होते. त्याला कारण आहे. डी.एड.ला असताना मैत्रिणींबरोबर रोज एका गाडीवर खायचे. प्लेट धुवायची बादली समोरच दिसायची, पण भुकेपुढं कोण बघतंय? पावसाळ्यात कावीळ झाली. परीक्षेच्या आधीचा सगळा महिना अंथरुणात गेला. कावीळ, विषमज्वर हे रोग खराब पाण्यातून पसरतात, हे मी पुस्तकात पाठ केलं होतं, बरं का!

आणखी दोन गोष्टी तुम्हीही बघू शकता. गाडी छोटी असली तरी तिची अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडं नोंदणी लागते. तो चौदा आकडी क्रमांक गाडीवर आहे का शोधा. पहिला आकडा 2 असेल तर ती छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. दुसरं, सँडविच वर्तमानपत्रात गुंडाळून देतात का? छपाईची शाई अन्नाला लागते, म्हणून 2018 च्या नियमांनी त्याला बंदी आहे. आमच्या पोरांना वर्तमानपत्र पुष्कळ ठिकाणी दिसलं.

बुधवारी वह्या आल्या. एका गाडीला सगळ्यांनी आठ-नऊ गुण दिले होते. एकाच मुलाच्या वहीत तिला सहा. चटणी दोन, थर दोन, चव दोन. पाणी शून्य, हात-चाकू शून्य. मुलं त्याच्यावर तुटून पडली, 'तुला काय कळतं सँडविचमधलं?' तो खाली मान घालून गप्प. मधल्या सुट्टीत हळूच माझ्याजवळ आला. 'बाई, ती गाडी माझ्या पप्पांची आहे. वर्गात सांगू नका.'

मी विचारलं, 'मग गुण कमी का दिलेस?'

'नळ लांब आहे, बाई. एकाच बादलीत रात्रीपर्यंत काढतात. मीच भरून आणतो ना, मला माहितीय.'

मला काय बोलावं सुचेना. त्याची वही मी कोणाला दाखवली नाही, पण निकालात त्या गाडीला पहिला नंबरही दिला नाही. मुलं आठवडाभर माझ्यावर रुसली होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो वही घेऊन पुन्हा आला. (हे सगळं त्याला विचारूनच लिहितेय.) पप्पांनी तोटीचं, झाकणाचं पिंप घेतलं होतं, प्लेटवर आता बटर पेपर टाकत होते. वहीत सहा खोडून त्यानं आठ केले होते.

'दहा का नाहीत रे?'

'पाण्याचे दिले, बाई. चाकू अजून त्याच फडक्याला पुसतात.'